चौऱ्याऐंशीचा वारा

फळ्यावर चौऱ्याऐंशी हा आकडा तिने स्वतःच्याच हाताने लिहिला, सवयीने त्याखाली रेघ ओढली, आणि खडू रेघेच्या टोकाला तसाच टेकवून ती उभी राहिली. वर्ग पहिल्या वर्षाचा होता. प्रकाशाचं अपवर्तन शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा घसा बसला होता, आणि एवढा एक तास तुम्ही घ्याल का, असं विभागप्रमुखांनी तिला दारात अर्धं आत अर्धं बाहेर उभं राहून विचारलं होतं. विभागप्रमुखांना ती आणि तिचा नवरा घरी 'उशी' म्हणत, कारण कोणीही डोकं टेकवलं की त्यांच्यात तसा खळगा पडायचा. उशीला नाही म्हणण्यातही मजा नसते, म्हणून ती हो म्हणाली होती. दूरच्या दीर्घिकांमधला वायू मोजण्यात जन्म घालवलेल्या बाईने आता पोरांना पाण्यात काठी वाकडी का दिसते ते सांगायचं! तिने ते सांगितलंही, भराभरा, पाठीमागे न बघता. आधी पाणी, मग काच, मग हवा. "निर्वातात प्रकाश जितका धावतो त्यापेक्षा हवेत तो किंचित रेंगाळतो. किती किंचित?" असं म्हणून, हा फरक किती टाकाऊ आहे ते पोरांच्या डोक्यात पक्कं बसावं म्हणून, तिने हवेच्या अपवर्तनांकातलं एकावरचं ते शून्य दशांश शून्य शून्य शून्य अठ्ठावीस घेतलं आणि प्रकाशाच्या वेगाने गुणलं. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. उत्तर आलं चौऱ्याऐंशी. "तीन लाखांत चौऱ्याऐंशी. असल्या फडतूस फरकाकडे शहाण्या माणसाने..." एवढं ती बोलली आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

मागे कोणीतरी बाक सरकवला. पहिल्या रांगेतली एक मुलगी पेन उचलून थांबली होती, शहाण्या माणसाने काय करायचं ते लिहून घ्यायला. तिने त्या मुलीकडे पाहिलं, आणि एरवी असल्या चेहऱ्यांबद्दल तिला जी चीड यायची ती आत्ता आलीच नाही. "आज एवढंच," ती म्हणाली. फळा पुसायला हात वर गेला आणि खाली आला. पुसायचं कशासाठी, यातल्या कोणाला काय कळणार आहे? मग वाटलं, कळलं तर? मग तिने फळा पुसला, ओल्या फडक्याने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि वर्गाने ते आश्चर्याने पाहिलं, कारण ही बाई दुसऱ्यासाठी फळा पुसून जाणाऱ्यांपैकी नव्हती.

जिन्यावरून खाली येताना ती मनाशी म्हणत राहिली की योगायोग आहे. जगात आकडे थोडे आणि गोष्टी फार, कुठेतरी दोन गोष्टींवर एकच आकडा पडणारच. हे वाक्य दुसऱ्या कोणी तिच्यासमोर उच्चारलं असतं तर तिने त्याची सालटी काढली असती. चौऱ्याऐंशी हा काही कुठलाही आकडा नव्हता. तो तिचा होता. काही दीर्घिकांना ताऱ्यांची घाई झालेली असते. इतर दीर्घिका जपून, पुरवून तारे घडवतात, आणि या एकदम हजारोंनी जन्माला घालतात, त्यातले मोठे तारे थोडक्यात आटोपून फुटतात, आणि त्या स्फोटांच्या रेट्याने दीर्घिकेतला वायू बाहेर फेकला जातो. ज्या वायूतून पुढचे तारे व्हायचे तोच हाकलून द्यायचा आणि मग आत ठणठणाट करून बसायचं, असा हा उद्योग. अशा दीर्घिकांतून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने वारे सुटतात हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, त्यात तिचं काही नव्हतं. तिचं होतं ते त्याच्या खालचं. या जोरदार वाऱ्याच्या तळाशी आणखी एक वारा असतो, संथ, आणि तो फक्त घाई झालेल्या दीर्घिकांत नव्हे तर निवांत पडलेल्या दीर्घिकांतही असतो, आणि सगळीकडे त्याचा वेग एकच असतो, हे तिने शोधलं होतं. वेग सेकंदाला चौऱ्याऐंशी किलोमीटर. त्याला 'मंद वारा' हे नाव तिनेच दिलं. परिषदांत लोक तिचं नाव न घेता 'तो वारा' एवढंच म्हणत, आणि सगळ्यांना कळायचं. उशीने तर एका समारंभात माइक हातात घेऊन या वाऱ्याची तुलना घर सोडून परदेशी गेलेल्या लेकरांशी केली होती आणि डोळे पुसले होते. त्या रात्री नवरा-बायकोला हसता हसता जेवण गेलं नव्हतं.

खोलीत येऊन तिने दार लावून घेतलं. दार लावल्यावर ते लावायची काय गरज होती असं वाटून उघडलं, आणि पुन्हा लावलं. टेबलावर उष्ट्या कपांचे तळ वाळलेले होते. ती खुर्चीवर बसली आणि संगणकाकडे न बघता खिडकीबाहेरच्या वाहनतळाकडे बघत राहिली. तिथे एकजण गाडी दोन खांबांच्या मध्ये घालायची खटपट करत होता, पुढे मागे, पुढे मागे, आणि बाजूला उभी असलेली बाई त्याला हाताने चुकीचं सांगत होती. यांना एक गाडी लावता येत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि आलं तसंच अर्ध्यावर थिजलं. हा तिरस्कार म्हणजे तिचा कणा होता. सकाळी उठून ती आधी कोणाला तरी मूर्ख ठरवायची आणि मग दात घासायची, असं तिची मोठी बहीण म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. शाळेत असताना वर्गातल्या बाईंनी फळ्यावर उत्तर चुकवलं की ही हात वर न करता नुसती हसायची. हात वर करून चूक सांगणं हे साध्या हुशार मुलींचं काम. न सांगता चुकू देण्यात जी चव होती ती तिला फार लवकर लागली.

आता मान्य करायला हवं होतं की शंका नवी नव्हती. फक्त ती दुसऱ्याची होती. तिच्याकडे एक विद्यार्थिनी होती, सतत कपाळाला आठ्या घातलेली, प्रत्येक वाक्याला 'पण' लावणारी. तिला ती शंकासूर म्हणायची, तोंडावरही. एका दुपारी गटाच्या बैठकीत शंकासूर म्हणाली होती, "मॅडम, पण वेग सगळीकडे सारखाच कसा? काही दीर्घिका एवढ्या दांडग्या, काही अगदी मरतुकड्या. वारा त्यातून सुटतो ना? मग तो ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे नको का?" किती साधा प्रश्न. आणि तिने काय केलं होतं? बाकीच्यांकडे वळून म्हणाली होती, "बघा, निसर्गात काही नियम असेल तर यांना खपत नाही. यांना सगळं किराणा दुकानासारखं हवं, गिऱ्हाईक बघून माप." सगळे हसले. हसणाऱ्यांतले दोघे आज प्राध्यापक होते. शंकासूर वर्षभरात गाशा गुंडाळून निघून गेली. आता ती विमा कंपनीत कसलीतरी गणितं करते म्हणे. निरोपाला आली तेव्हा हिने तिला खुर्चीसुद्धा दाखवली नव्हती. दुसऱ्या दुर्बिणी वापरणाऱ्यांना मंद वारा दिसत नव्हता तेव्हा तिने सांगितलं होतं की त्यांची निरीक्षणं गचाळ आहेत. ज्या दोन गटांना तो दिसला त्यांनी हिच्यासारखंच वेधशाळेच्या एकाच वर्णपटमापकावर, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून मोजणाऱ्या यंत्रावर, काम केलेलं होतं, आणि आकडेमोडीची पद्धत हिचीच उचलली होती. त्यांनाही ती नकलाकार म्हणून नाक मुरडायची. तिला बरोबर ठरवणाऱ्यांनाही तिने सोडलं नव्हतं, एवढं एक तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल म्हणता आलं असतं.

मग तिने संगणक सुरू केला. करायचं होतं ते काम तिसरीतल्या पोराच्या वजाबाकीएवढं होतं. दीर्घिकेतल्या सोडियमच्या वायूमुळे वर्णपटात दोन काळ्या रेषा पडतात. त्या जिथे पडायला हव्यात त्यापेक्षा आखूड तरंगलांबीवर पडल्या तर वायू आपल्या दिशेला येतोय, म्हणजे दीर्घिकेतून बाहेर पडतोय, असा अर्थ. जिथे पडायला हव्यात ती जागा ती निर्वातातल्या तरंगलांबीवरून ठरवायची. दीर्घिका स्वतः किती वेगाने दूर चाललीय ते रेडिओ दुर्बिणीवरून घ्यायची. सगळं चोख. पण हवेत प्रकाश रेंगाळतो, आणि रेंगाळला की त्याची तरंगलांबीही तेवढीच आखूड भरते. वर्णपटमापकातून येणारे आकडे हवेतले असतील तर? तिने सगळ्यात लाडकी दीर्घिका उघडली, हवेचे आकडे निर्वातात बदलणारी एक ओळ लिहिली, आणि कळ दाबली. रेषा सरकल्या आणि जिथे असायला हव्यात तिथे जाऊन बसल्या. दुसरी दीर्घिका. बसल्या. तिसरी. जोरदार वारे होते तसेच होते, सगळ्या जगाचे ते, थोडे कमी वेगाचे एवढंच. तिचा तेवढा गेला. जो वायू आपापल्या दीर्घिकेत आपल्या जागी स्वस्थ बसलेला होता त्याला तिने इतकी वर्षं चालता केला होता. आणि विश्वाच्या टोकाला ती जे मोजत होती ती आपली इथलीच हवा होती, याच खोलीतली, वाळलेल्या कपांवरची. तिला हसू आलं. खरंखुरं, पोटातून आलं. असली फजिती दुसऱ्या कोणाची झाली असती तर किती महिने पुरली असती! आणि लगेच ते हसू तिला ओळखीचं वाटलं, ते त्या जेवणाच्या टेबलावरचं हसू होतं, आणि आता ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होती.

कारण तिचं आणि नवऱ्याचं जमलं होतं तेच तिसऱ्याची टर उडवता उडवता. एका परिषदेत शेवटच्या रांगेत दोघं शेजारी शेजारी बसली होती, ओळखदेख नाही, आणि व्यासपीठावर एक गृहस्थ आपल्या छायाचित्रातल्या धुळीच्या डागाला नवा तारा समजून बोलत होते. शेजारच्या तरुणाने मान न हलवता म्हटलं, "याला आता फडकं द्या कोणीतरी." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिथेच काय ते ठरलं. तो यंत्रं बांधणारा. पुढे वेधशाळेचा तो वर्णपटमापकही त्यानेच बांधला. लोकांच्या घरात आजारपणं, मुलं, कर्ज यांवर बोलणं होतं. यांच्या घरात रोज संध्याकाळी माणसं सोलली जायची. कोण काय बरळलं, कोणाचा आकडा कसा फसला, कोण कोणाचं चोरून स्वतःचं म्हणून मिरवतंय. मूल झालं नाही याचंही दोघांना फारसं काही वाटलं नाही, मूल म्हणजे पहिली काही वर्षं नुसता मूर्खपणाच ऐकून घ्यायचा, असं ती म्हणायची आणि तो हसायचा. त्याचं हसू तिला हवं असायचं, हे मात्र तिने कधी म्हटलं नाही. परीक्षक, समित्या, पदकं, सगळ्यांना ती फुंकरीने उडवायची. तो एक माणूस आपल्याला अक्कल आहे असं धरून चालतो, एवढ्यावर तिचं सगळं उभं होतं. वर्णपटमापकाच्या उद्घाटनाला तो बोलला होता, आणि ती पहिल्या रांगेत होती. तो काय बोलला ते आठवायचा तिने आता प्रयत्न केला. आठवत होता तो व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी उलटा घातलेला केसांचा टोप, आणि त्यावर आपण शेजारणीच्या कानात काय म्हणालो ते. नवऱ्याचं एकही वाक्य आठवत नव्हतं.

बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. बहिणीचा फोन आला. ही बहीण दात काढायची, म्हणजे दातांची डॉक्टर होती, आणि खुर्चीत आ करून बसलेल्या प्रत्येकाला आपली धाकटी बहीण काय काय शोधते ते ऐकवायची. बिचाऱ्यांना पळताही यायचं नाही. "काय गं, तुझा वारा काय म्हणतो?" बहिणीने नेहमीचं विचारलं. "पडला," ती म्हणाली. "म्हणजे?" "म्हणजे नव्हताच." "अगं मग शोधलास तो काय होता?" "चूक." "जाऊ दे गं, दुसरा शोध," बहीण म्हणाली, अगदी हरवलेल्या छत्रीबद्दल बोलावं तशी, आणि तिच्या दारात कोणीतरी कण्हत आलं म्हणून फोन ठेवला. बहिणीला काहीही कळलेलं नव्हतं आणि तरी बरं वाटलं होतं, याचा तिला राग आला. मग तिने ठरवलं. उद्या नव्हे, आजच. संशोधनपत्रिकेला कळवायचं, की चूक झाली, शोध मागे घेते. पुढचे महिने-वर्ष कोण कोण हसेल ते तिच्या डोळ्यांपुढून ओळीने गेलं, उशी तर सांत्वनाला घरी येईल. ते सगळं सोसवलं असतं. सोसवणार नव्हतं ते एकच, घरी जाऊन त्याला सांगणं. न सांगता पाठवायचं आणि त्याला बाहेरून कळू द्यायचं, असंही मनात येऊन गेलं. ते इतकं भेकड होतं की दुसऱ्या कोणी केलं असतं तर आजच्या जेवणाला तेच पुरलं असतं.

तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. तिने पर्स ओट्यावरच ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसली असती तर सांगितलं नसतं. "मंद वारा नाही. तुझ्या यंत्राचे आकडे हवेतले आहेत. मी निर्वातातले धरून चालले. चौऱ्याऐंशी म्हणजे हवा आहे रे, नुसती हवा."

"हं," तो म्हणाला. साल लांबच लांब येत होती, ती तुटू नये म्हणून तो हात वळवत होता.

"कळलं का मी काय म्हणतेय?"

"कळलं की. त्यात न कळण्यासारखं काय आहे? तुझा पहिला आलेख पाहिला तेव्हाच बघितलं होतं मी."

तिने ओट्याची कड धरली. "आणि बोलला नाहीस?"

"काय बोलायचं?" त्याने आता मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचं आश्चर्य होतं. "तुला माहीतच होतं ना."

"मला?"

"मग काय? उद्घाटनाला तू पहिल्या रांगेत होतीस, हवेचे आकडे देणार म्हणून मी भर सभेत सांगितलं. आणि ते सोड. एवढ्या दीर्घिका आणि सगळ्यांत एकच वेग! शेंबड्या पोराला वास येईल. तुला येणार नाही? मी म्हटलं, बाईसाहेबांच्या हाती एक फुगा लागलाय, रेटतायत. रेटू दे. इथे बाकीचे काय मोठे सोवळे आहेत? मी कधी कुणापाशी एका शब्दाने बोललो नाही."

नळ ठिबकत होता. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस आपल्या बायकोला लबाड समजत होता. लबाड समजून तिच्या शेजारी झोपत होता, तिच्या सत्काराला इस्त्रीचा शर्ट घालून येत होता, आणि उशीच्या त्या लेकरांच्या भाषणावर हसताना तो तिच्याहून जास्त का हसला हेही आता कळत होतं. त्याला वाटत होतं तेव्हा दोघं एकाच गोष्टीवर हसतायत. त्याने ते कधी वाईटही मानलं नव्हतं. ती मूर्ख असू शकेल हे मात्र त्याच्या स्वप्नातही आलेलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "खरंच नव्हतं. मी तुझं भाषण ऐकलंच नाही. आणि पुढे कधी तपासलं नाही."

तो हसला. तिसरा माणूस खोलीबाहेर गेल्यावर दोघं एकमेकांकडे बघून हसत तसं. "माझ्यापुढे तरी नको गं," तो म्हणाला, आणि दुसरा बटाटा घेतला.

पुन्हा एकदा, ओरडून, सांगता आलं असतं. संगणक उघडून दाखवता आलं असतं, शंकासुराची गोष्ट सांगता आली असती. कदाचित त्याने ऐकलंही असतं, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला असता. तो चेहरा कसा झाला असता ते तिला चांगलं ठाऊक होतं, रोज संध्याकाळी ती तो चेहरा दुसऱ्यांसाठी त्याच्याकडून मिळवत आली होती. तिला स्वतःची किळस आली. चोर म्हणवून घ्यायला आपली काही हरकत नाही, फक्त बावळट नको, हे तिला स्वच्छ दिसलं आणि ते दिसल्याने काहीही बदललं नाही.

"बरं," ती म्हणाली. "माहीत होतं."

"मग आज काय झालं? कोणी धरलं?"

"नाही. धरायच्या आत मागे घेते."

"हे बरं. शहाणी आहेस," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातलं कौतुक ऐकून तिला एक क्षणभर, लाज वाटावी इतकं, सुख वाटलं.

जेवणाआधीच तिने टेबलाशी बसून पत्रिकेला लिहिलं. लिहिताना प्रथमच तिला कोणाला टोचावंसं वाटलं नाही. हवेतल्या आणि निर्वातातल्या तरंगलांबीतला फरक माझ्या लक्षात आला नाही, असं लिहिलं. माझ्या एका विद्यार्थिनीने पूर्वीच शंका काढली होती, मी तिला हसण्यावारी नेलं, असं लिहून त्या विद्यार्थिनीचं पूर्ण नाव घातलं. चूक सर्वस्वी माझी, हा वारा अस्तित्वात नाही, असं लिहिलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तो हात पुसत मागे येऊन उभा राहिला आणि तिच्या खांद्यावरून सगळं वाचलं, सावकाश, चांगली कारागिरी बघावी तसं. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं.

"झकास," तो म्हणाला. "आणि ती विद्यार्थिनी घातलीस ती तर फारच भारी. कोणालाही खरं वाटेल."